कमजोरीची गोळी : प्रस्तावना

रायपूरच्या सदर बाजारातल्या कुठल्याही औषधांच्या दुकानासमोर दुपारी अर्धा तास उभे राहावे. सराफ्यातली गर्दी अजून सुरू व्हायची असते, दुकानदाराचा चहा नुकताच झालेला असतो. गिऱ्हाईक येते. हातात डॉक्टरची चिठ्ठी नसते आणि मागणी एका वाक्याची असते : ‘भैया, कमजोरी लग रही है, ताकत की गोली दे दो.’ दुकानदार फारसे विचारत नाही. बी-कॉम्प्लेक्सची पट्टी, नाहीतर कॅल्शियम, हल्ली रंगीत डबीतले मल्टिव्हिटॅमिन. खेड्यातून आलेली बाई असेल तर ती हळूच जोडते, ‘मन नइ लागत हे.’ बूढापाऱ्यातल्या एखाद्या मराठी घरातल्या काकू असतील तर म्हणतात, ‘अंगात त्राणच नाही हो, कशात जीव लागत नाही.’ बोली तीन, पण तक्रार शरीरापासून सुरू होते आणि मनापाशी येऊन थांबते. दुकानदार पहिला अर्धा भाग ऐकतो आणि त्याची गोळी देतो.

हे पुस्तक त्या गोळीविषयी आहे. ती कुणाला लागू पडते, कुणाला नाही, आणि ती देताना काय विचारायचे राहून जाते, एवढाच त्याचा आवाका. या विषयाला आता पोषण-मनोविकारशास्त्र असे भारदस्त नाव मिळाले आहे. या क्षेत्रातल्या संशोधकांची आंतरराष्ट्रीय संघटना २०१३ साली स्थापन झाली, म्हणजे शास्त्र म्हणून वय अजून शाळकरीच. त्यामुळे नव्या वाचकाने बिचकू नये. इथे अजून कुणी फार पुढे गेलेले नाही. दाराशी थोडी गर्दी आहे आणि आत बरीच जागा मोकळी आहे.

‘कमजोरी’ हा शब्द अडाणीपणाचा आहे असे मला पूर्वी वाटे. आता वाटत नाही. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकापासून प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या लोकांचा अभ्यास केला, तेव्हा हेच दिसले होते : नैराश्य घेऊन येणारा माणूस ‘मी उदास आहे’ असे सांगत येत नाही. तो थकवा, अंगदुखी, झोपेची तक्रार घेऊन येतो. बाया पांढरे जाण्याची तक्रार घेऊन येतात. त्यांच्या हाती पडायच्या त्या बहुधा जीवनसत्त्वाच्या आणि वेदनाशामक गोळ्या. म्हणजे आपल्याकडे पूरक गोळ्यांनी नैराश्यावर उपचार करण्याची पद्धत नवी नाहीच. ती फार जुनी आहे, फक्त आजार न ओळखता चाललेली. त्याच गटाने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ४५० रुग्णांच्या चाचणीत दोन महिन्यांनंतर नैराश्यविरोधी औषध घेणारे लोक लटकी गोळी घेणाऱ्यांपेक्षा बरे होते. पुढे अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. त्याच्या सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार-पाच जणच त्यासाठी कुठल्या आरोग्यसेवेपर्यंत पोचलेले होते. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी काम केल्यावर हे प्रमाण सत्तावीसच्या आसपास गेले. कार्यकर्त्यांकडे कुठली जादूची गोळी नव्हती. ते जाऊन बसले आणि त्यांनी विचारले.

तर ‘कमजोरी’ ही रुग्णाने दिलेली खरी माहिती आहे. मनोविकारतज्ज्ञ नैराश्याची जी नऊ लक्षणे पाहतात त्यांत भूक आणि वजनातला बदल हे एक आणि थकवा हे दुसरे. बाकीची म्हणजे किमान दोन आठवडे टिकणारी उदासी, कशातही रस न वाटणे, झोपेचा बिघाड, हालचाली मंदावणे किंवा अस्वस्थ येरझारा, लक्ष न लागणे, आपण नालायक आहोत ही टोचणी आणि मरणाचे विचार. मराठीत आपण याला नैराश्य म्हणतो, म्हणजे आशा उरली नाही असे. इथल्या हिंदीत ‘अवसाद’ म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी खाली बसणे, खचणे आहे. खरे सांगायचे तर मला दुसरा शब्द आजाराच्या अधिक जवळचा वाटतो. आशा संपली की नाही हे रुग्णाला सांगता येत नाही. आपण खाली चाललो आहोत एवढे त्याला कळते. पण पुस्तक मराठी आहे, तेव्हा नैराश्यच.

रायपुरातून मराठी पुस्तक का, असे नागपूर-पुण्याचे स्नेही विचारतात. नागपूरकर भोसल्यांच्या मागोमाग आलेली घरे इथे आहेत, तात्यापारा हे मोहल्ल्याचे नाव आहे, माधवराव सप्रे इथेच राहिले आणि त्यांनी दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले. पण माझे कारण स्वयंपाकघरातले आहे. आमच्या ताटात वरणभाताशेजारी फरा असतो, ज्वारीची भाकरी आठवड्यातून एकदा आणि भात रोज, जवसाची चटणी विदर्भातून आलेली आणि चेचभाजी इथली. आहारशास्त्राची पुस्तके एका प्रांताचे एक ताट गृहीत धरतात. सीमेवरच्या घरात तसे ताट नसते, आणि आहाराचा मनाशी संबंध शोधायचा तर आधी ताटात खरोखर काय आहे ते पाहावे लागते.

अन्नाचा मनाशी संबंध आहे हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागत नाही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस अन्न सोडून फक्त पाण्यावर राहायला सांगतो आणि मग वेद म्हणून दाखव म्हणतो. पोराला काही आठवत नाही. जेवून आल्यावर सगळे आठवते. एकच माणूस, तुलनेचा गट नाही आणि परीक्षक खुद्द बाप. आजच्या कुठल्याही नियतकालिकाने हा निबंध परत पाठवला असता. पण मांडणी प्रयोगाचीच आहे.

तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, मिनेसोटा विद्यापीठात. अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. वजने सुमारे पाव हिश्शाने उतरली हे अपेक्षित होते. पण हे हसतमुख स्वयंसेवक उदास, चिडखोर, एकलकोंडे झाले. काहीजण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. पुन्हा पुरेसे खायला मिळू लागल्यावरही मन लगेच परत आले नाही. नैराश्याच्या अभ्यासकाला या प्रयोगातून एक जुना पेच दिसतो. उपाशी माणूस उदास होतो हे खरे. आणि उदास माणूस चूल पेटवत नाही, हेही तितकेच खरे. वाईट आहार आणि नैराश्य एकत्र दिसले की कोण कुणामागून आले हे नुसत्या पाहणीतून कळत नाही. या विषयावरच्या वर्तमानपत्री बातम्यांपैकी बऱ्याच बातम्या ही गाठ न सोडवताच छापल्या जातात.

एखादे पोषकद्रव्य साफ नसले तर मनाचे काय होते, याची सर्वांत स्वच्छ कहाणी पेलाग्राची. अमेरिकेच्या दक्षिणेत मका खाऊन जगणाऱ्या गरिबांत हा रोग होता आणि तिथली वेड्यांची इस्पितळे अशा रुग्णांनी भरलेली असत. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ नंतर दाखवून दिले की हा संसर्ग नव्हे, हा आहार आहे. जॉर्जियातल्या इस्पितळात जेवण बदलले आणि नवे रुग्ण होणे थांबले. १९३७ साली त्यामागचे द्रव्य, नायसिन, हाती आले. आपल्याशी याचा संबंध असा की दख्खनमध्ये हाच रोग मक्यावर नव्हे, ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांत दिसे. हैदराबादला सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याचे कारण ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाशी जोडले. त्या उपपत्तीवर पुढे बराच वाद झाला, पण रुग्णांची अवस्था वादातीत होती : त्वचा काळवंडलेली, पोट बिघडलेले, झोप नाही, आणि गडद उदासी. नायसिन दिले की काही दिवसांत माणूस बोलू-हसू लागे. ज्वारीला नावे ठेवण्याचा इथे हेतू नाही. भाकरीबरोबर डाळ, ताक, भाजी असली की हा रोग होत नाही. नुसत्या भाकरीवर वर्ष काढणाऱ्याला होतो.

दुसरी कहाणी मुंबईची. ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली. गिरणगावातल्या गरीब गरोदर बायकांना होणारा विचित्र, जीवघेणा रक्तक्षय तिला समजून घ्यायचा होता. महागडे उपाय चालेनात तेव्हा तिने यीस्टचा अर्क, साहेबाच्या न्याहारीतला मार्माइट, देऊन पाहिला आणि १९३१ साली त्याचा गुण जाहीर केला. त्यातले द्रव्य दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून वेगळे निघाले आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फोलिक आम्ल म्हटले गेले. मनाशी त्याचे नाते दाखवले ते व्हिक्टर हर्बर्ट या अमेरिकी डॉक्टरने, स्वतःवर. १९६१ साली त्याने प्रत्येक पदार्थ तीनतीनदा उकळून, पाणी फेकून खाल्ला, म्हणजे फोलिक आम्ल उरूच नये. रक्त बिघडले, पण त्याच सुमारास, चौथ्या-पाचव्या महिन्यात, झोप उडाली, विसराळूपणा आला, चिडचिड वाढली. फोलिक आम्ल घेताच ती लक्षणे ओसरली. भाजी उकडून पाणी मोरीत ओतणाऱ्या प्रत्येक सुगरणीला मी ही गोष्ट सांगतो.

इथे छत्तीसगडच्या वाचकाने हात वर करावा. कारण पाणी फेकणे कधी कधी शहाणपणाचे असते, हे आमच्या भागाने मोठी किंमत मोजून शिकले आहे. भात कापायच्या आधी ओल्या शेतात तिवरा या कडधान्याचे बी विस्कटून देतात; विदर्भात भंडारा-गोंदियाकडे हीच लाख किंवा लाखोळी. दुष्काळात बाकी सगळे करपले तरी ती उभी राहते. पण महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली तर तिच्यातले विष पाठीच्या कण्यातल्या नसांवर जाते आणि धडधाकट माणसाचे पाय कायमचे जखडतात. सागर भागात १८३० च्या सुमारास पसरलेली अशी साथ कर्नल स्लीमन यांनी लिहून ठेवली आहे. १९६१ साली बहुतेक राज्यांत या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. पुढे रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने ‘महातिवरा’ ही कमी विषाची जात दिली. तिवऱ्याची डाळ भिजवून, उकळून ते पाणी टाकून दिले की विष बरेच उतरते. म्हणजे एका भांड्यातले पाणी टाकले तर नुकसान आणि शेजारच्या भांड्यातले न टाकले तर नुकसान. या शास्त्रातला प्रत्येक सल्ला मी या दोन भांड्यांशी ताडून पाहतो. भांडे कुठले हे न विचारता दिलेला सल्ला बहुधा चुकतो.

आता बी-१२. याच्यावर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण आपल्या समाजात पूरक गोळीचा सर्वांत खरा दावा याचा आहे. सदर बाजारात सोने अजून रत्तीच्या, मराठीत गुंजेच्या, भाषेत बोलले जाते. एक गुंज म्हणजे सुमारे १२१ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला बी-१२ लागते ते दोन ते अडीच मायक्रोग्रॅम. हिशेब करून पाहा : गुंजभर बी-१२ एका माणसाला सव्वाशे वर्षांहून अधिक पुरेल. इतकी थोडी गरज, आणि तरी तीच भागत नाही. हे जीवनसत्त्व वनस्पती बनवत नाहीत. ते मांस, मासे, अंडी आणि दुधातून येते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्क्यांचे बी-१२ कमी निघाले. आणि सर्वांत जास्त कमतरता कुणात? शहरी मध्यमवर्गात, ८१ टक्के. पोट भरलेला, पदवी घेतलेला, शुद्ध शाकाहारी, सकाळचे दूध चहापुरते. सदर बाजारातल्या गाद्यांवर आणि आमच्या मराठी वाड्यांत याच वर्गाची माणसे बसलेली आहेत.

शरीरात मिथिल नावाचा एका कार्बनचा कण सतत इकडून काढून तिकडे जोडला जात असतो. मेंदूतली निरोप पोचवणारी रसायने घडवताना, मोडताना, नसांवरचे आवरण राखताना तो लागतो. ही देवघेव चालू ठेवायला फोलिक आम्ल आणि बी-१२ दोन्ही हवीत. त्यांतले एक जरी कमी पडले तरी होमोसिस्टिन नावाचा पदार्थ साचतो, आणि तो रक्तात मोजता येतो. बी-१२ च्या कमतरतेत मुंग्या येणे, तोल जाणे, विसरणे, थकवा आणि उदासी सगळे दिसू शकते, आणि ते सुद्धा कधी कधी हिमोग्लोबिन ठीक असताना. मधुमेहावरची मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावरच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या तर बी-१२ आणखी उतरते. म्हणून अशा माणसाच्या नैराश्यात ही तपासणी न करणे हा माझ्या मते निष्काळजीपणा आहे. नुसते फोलिक आम्ल देत राहणे त्याहून वाईट : रक्ताचे चित्र सुधारते आणि नसांची हानी मागे चालूच राहते.

पण कमतरता भरून काढणे वेगळे आणि नैराश्यावर औषध म्हणून देणे वेगळे. हा फरक एकदा पक्का झाला की पुढच्या प्रकरणांतल्या परस्परविरोधी चाचण्या डोके फिरवत नाहीत. २००० साली इंग्लंडमध्ये १२७ रुग्णांना फ्लुओक्सेटिन या नैराश्यविरोधी औषधाबरोबर फोलिक आम्ल किंवा लटकी गोळी दिली. फोलिक आम्लाने बायकांना गुण आला, पुरुषांत तो दिसला नाही. २०१४ साली त्याहून बऱ्याच मोठ्या ब्रिटिश चाचणीत कुणालाच फायदा दिसला नाही. ऑस्ट्रेलियात वयस्क रुग्णांना सिटालोप्राम या तशाच औषधाबरोबर ब गटाची तीन जीवनसत्त्वे दिली तेव्हा बाराव्या आठवड्याला फरक नव्हता, वर्षभराने थोडा होता. यातून ‘फोलिक आम्ल नैराश्य बरे करते’ असे वाक्य निघत नाही आणि ‘काही उपयोग नाही’ असेही निघत नाही.

ओमेगा-३ ची गोष्ट अशीच, फक्त तिच्यामागे पैसा मोठा. १९९८ साली जोसेफ हिबेल्न यांनी वेगवेगळ्या देशांतली मासळीचा खप आणि नैराश्याचे प्रमाण शेजारी मांडले. जिथे मासे जास्त तिथे नैराश्य कमी. चित्र इतके देखणे होते की माशाच्या तेलाच्या कॅप्सूल जगभर गेल्या. नंतरच्या चाचण्यांनी त्यातून एवढेच गाळून ठेवले : आधीपासून नैराश्य असलेल्यांत, औषधाच्या जोडीला, ईपीए या जातीचे ओमेगा-३ जास्त असलेले तेल दिवसाला एक ते दोन ग्रॅम या प्रमाणात दिले तर काहींना मदत होते. अशा चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्याने हा परिणामही लहान मानला. आणि निरोगी माणसाने नैराश्य टाळण्यासाठी घ्यावे का? अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीच्या १८,३५३ लोकांत सुमारे पाच वर्षांनंतर ना माशाच्या तेलाने नैराश्य टळले, ना ड जीवनसत्त्वाने. युरोपातल्या ‘मूडफूड’ चाचणीत हजारावर लोकांना वर्षभर मिश्र पूरक गोळ्या देऊनही तेच.

इथे आपल्या जवसाचा विषय निघतोच. विदर्भ आणि छत्तीसगड दोन्हीकडे जवस पिकतो, त्याच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ असते, आणि त्यामुळे ‘माशाला पर्याय’ म्हणून त्याची जाहिरात होते. जवसातले ओमेगा-३ वेगळ्या जातीचे आहे. शरीर त्यातला फार थोडा भाग ईपीएमध्ये बदलू शकते. तेव्हा जवसाची चटणी जरूर खावी, भाजून कुटलेल्या लसूण-मिरचीसकट खावी, कारण ती चांगले अन्न आहे. ती कॅप्सूलच्या जागी मोजू नये.

गोळ्यांची ही कहाणी ऐकून मन खट्टू होते, पण ताटाची कहाणी अधिक बरी आहे. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांच्या गटाने ‘स्माइल्स’ नावाची चाचणी केली, ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. मध्यम ते तीव्र नैराश्य आणि वाईट आहार असलेले ६७ लोक; चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट. एकाला बारा आठवड्यांत आहारतज्ज्ञाच्या सात भेटी : भाज्या, फळे, डाळी, अख्खे धान्य, मासे, सुकामेवा, ऑलिव्ह तेल, गोडधोड आणि तळण कमी. दुसऱ्या गटाला तेवढ्याच वेळा गप्पांची सोबत. आधीची औषधे चालूच. शेवटी आहाराच्या गटातले ३२ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, सोबतीच्या गटातले ८ टक्के. आणि नवे ताट जुन्या खाण्यापेक्षा महाग पडले नाही. पुढे २०२२ साली तिथल्याच १८ ते २५ वयाच्या तरुण पुरुषांतही असाच निकाल आला.

आकडे आकर्षक आहेत म्हणून सावधपणे घ्यावेत. माणसे थोडी, आणि आपल्याला कुठले ताट मिळाले हे प्रत्येकाला माहीत. लटकी गोळी करता येते, लटकी पालकभाजी करता येत नाही. पाठिंबा देणारा तज्ज्ञ आणि आपले भले होणार ही अपेक्षा यांचा वाटा वजा करणे अवघड. तरीही मला हा अभ्यास पटतो, त्याचे एक कारण असे की त्यात कुणी एकच द्रव्य वेगळे काढून विकायला बसले नव्हते. ताटातल्या तंतूंवर आतड्यातले जिवाणू जगतात, त्यांच्या पदार्थांचा दाहाशी संबंध आहे, दाहाचा मेंदूशी. शिवाय रक्तातली साखर, लोह, मॅग्नेशियम, झोप. या साखळीतली कुठली कडी किती ओढते यावर अख्खे प्रकरण आहे, आणि ते पुस्तकातले सर्वांत भांडखोर प्रकरण आहे.

ऑलिव्ह तेलाची बाटली आणायची गरज नाही. रायपूरच्या भाजीबाजारात पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत जेवढ्या पालेभाज्या दिसतात तेवढ्या मी पुण्यातही पाहिलेल्या नाहीत : लालभाजी, चेच, अमारी, करमत्ता, मुनगा, बोहार, चरोटा. छत्तीस भाज्यांचा प्रदेश असे लोक कौतुकाने म्हणतात. उरलेल्या भातात पाणी घालून रात्रभर ठेवलेली बासी आता इतकी प्रतिष्ठित झाली की २०२२ च्या १ मे रोजी राज्य सरकारने ‘बोरे बासी’ दिवस साजरा केला. आंबवलेले अन्न आतड्याला मानवते. मात्र बासीत बी-१२ भरपूर असते ही ऐकीव गोष्ट आहे, तिच्यावर भिस्त ठेवू नये. आणि इथे आहार विचारताना गुडाखूबद्दल विचारायला विसरू नये. तंबाखू आणि गुळाची ही पेस्ट बाया सकाळी हिरड्यांना लावतात, भूक मरते, पहिला घास दुपारी. ती आहाराच्या फॉर्मात कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून नोंदलीच जात नाही.

पुस्तकाच्या मधल्या भागात केशर, हळद, अश्वगंधा, मॅग्नेशियम, झिंक यांची प्रकरणे आहेत. वाचक घाईत असेल तर ती चाळून पुढे जावे. केशरावर इराणमधल्या चाचण्या आशादायक पण लहान आहेत, आणि बाजारात मिळते ते केशर असतेच असे नाही, हे सदर बाजारात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. ‘नैसर्गिक’ शब्दावरचे प्रकरण मात्र टाळू नये. १९८९ साली अमेरिकेत झोप आणि उदासीसाठी खुलेआम विकल्या जाणाऱ्या ट्रिप्टोफॅनच्या दूषित मालाने दीड हजारावर लोक आजारी पडले, तिसाहून अधिक दगावले. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती सौम्य नैराश्यात उपयोगी ठरली आहे, पण नैराश्याच्या नेहमीच्या औषधांबरोबर घेतली तर धोका संभवतो. आणि सर्वांत सामान्य अपघाताला कुठलेच विष लागत नाही : ‘आता मी नॅचरल सुरू केलंय’ म्हणून चालू औषध एका दिवसात बंद करणे.

छत्तीसगडचे आत्महत्यांचे प्रमाण देशाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे. २०२२ च्या सरकारी नोंदीत लाखामागे २८.२, देशाचे १२.४. म्हणून हे प्रस्तावनेतच लिहितो. मरणाचे विचार येत असतील तर ताट, गोळी, पुस्तक सगळे बाजूला ठेवून माणसाशी बोलायचे. १४४१६ हा ‘टेलिमानस’ या मदतवाहिनीचा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे. रायपुरात मेकाहारा या सरकारी रुग्णालयात आणि टाटीबंधच्या एम्समध्ये मनोविकार विभाग आहेत. बिलासपूरजवळ सेंदरीचे मोठे मनोरुग्णालय आहे. तिथे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे.

वाचकांपैकी कुणी आहारतज्ज्ञ असतील, कुणी वैद्यकाचे विद्यार्थी, कुणी घरातल्या माणसासाठी हे पुस्तक विकत घेतलेले. तिघांनीही पहिले प्रकरण वाचावे अशी विनंती आहे. त्यात आहारशास्त्रातले सर्वांत साधे साधन आहे, चोवीस तासांची आठवण : काल सकाळी उठल्यापासून आज उठेपर्यंत तोंडात काय काय गेले, घासन्‌घास. विचारायला वीस मिनिटे लागतात. मी हे साधन शिकत होतो तेव्हा आमच्याच गल्लीतल्या एका काकूंना विचारले होते. कमजोरीची गोळी तीन वर्षे चालू होती. काल काय जेवलात, म्हटले. त्यांनी भराभर सांगितले : सकाळी पोहे, मग यांचा डबा, पोळी आणि वांग्याची भाजी, सासूबाईंना मऊ भात, मुलांना चिला, रात्री वरणभात, कोशिंबीर. मी सगळे लिहून घेतले, बेरीज केली, आणि बेरीज चार माणसांची आली. म्हणून पुन्हा विचारले, ‘काकू, यातलं तुम्ही काय खाल्लंत?’

त्या बराच वेळ ओट्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘थांब हं, आठवते.’

सदर बाजार, रायपूर